वारलूभाऊ आणि दुसरा भाग

चामोर्शीच्या कोंडवाड्यासमोरून कोणी अनोळखी माणूस चालला तर तिथले राखणदार वारलूभाऊ त्याला नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. फाटकाच्या आडव्या बांबूवर दोन्ही कोपरं टेकून ते सरळ विचारत, "तो गेला का ते आली?"

मलाही त्यांनी हेच विचारलं. मी नुकताच मोटारीतून उतरलो होतो, खांद्यावर पत्रकांचा गठ्ठा होता आणि धुळीनं डोळे भरले होते. मला वाटलं, कोंडवाड्यातून एखादं जनावर सुटलं असावं. नाक्यावर मला एक काळी गाय दिसली होती, म्हणून मी मदत करायच्या हेतूनं विचारलं, काळी होती का?

वारलूभाऊंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काळी काऊन राहीन? हिरोनी हाय ते."

अशी आमची ओळख झाली. (आमच्याकडे 'ती'ला 'ते' म्हणतात आणि हिरॉइनला 'हिरोनी'.) पुढं कळलं की हा प्रश्न त्यांनी मालगुजाराला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, विचारला होता, पोस्टमनला विचारला होता, मार्कंड्याच्या जत्रेहून परतणाऱ्या बैरागी बुवांनाही विचारला होता. बुवांनी डोळे मिटून 'सगळे जाणारच' असं उत्तर दिलं, तर भाऊ म्हणाले, हा जबाब धरता येत नाही, साक्षीदार पिक्चरला हजर नव्हता.

आता या प्रश्नाचा अर्थ सांगायचा तर त्या पिक्चरबद्दल लिहावं लागेल. त्याचं नाव मी लिहिणार नाही, फुकट जाहिरात करायची मला हौस नाही. मी त्या वेळी आमच्या मंडळातर्फे तंबूतल्या सिनेमांविरुद्ध चांदा जिल्हाभर पत्रकं वाटत फिरत होतो. गावात दवाखाना नाही, पावसाळ्यात रस्ता नाही, आणि ओल्या साडीतल्या बाईची नदीतली आंघोळ मात्र बैलगाडीवर लादून दारात येते! मी विचारतो, हे स्वराज्य कोणासाठी आलं? माझं ते मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. त्यात वारलूभाऊंनी थोडा गोंधळ घातला, एवढंच.

पिक्चर दोन भागांत होता. पहिला भाग आदल्या वर्षी धान घरात आल्यावर तंबूत लागला. आमच्याकडच्या तंबूत पडदा मधोमध लावतात, पुरुष पुढच्या अंगाला आणि बाया पडद्याच्या मागच्या अंगाला. बायांना सगळं उलटं दिसतं. त्यामुळे हिरो डावखुरा आहे याबद्दल चामोर्शीतल्या एकाही बाईच्या मनात शंका नव्हती. पहिल्या भागात एक जमीनदाराचा मुलगा आणि एक नावाड्याची मुलगी नुसतं प्रेम करतात. पुरापासून दुष्काळापर्यंत दुसरं काही करत नाहीत. शेवटी तो तिला चारचौघांत टाकून बोलतो, ती नावेत बसून बापाकडे निघून जाते, तो घाटावर उभा राहतो, आणि पडद्यावर अक्षरं येतात की बाकीचं दुसऱ्या भागात.

वारलूभाऊ आणि त्यांची बायको बायजाबाई तंबूतून घरी चालत निघाली. पुढची हकीगत मला कोंडवाड्यासमोर राहणाऱ्या रुखमाबाई बांगडीवालीनं सांगितली. तिनं ती सगळ्या गावाला सांगितली होती. सुरुवात हिरोच्या हातावरून झाली. बायजाबाई म्हणाली डावरा, भाऊ म्हणाले उजवा. मग बायजाबाई म्हणाली, हात कोणता का असेना, आता त्यानं तिला आणायला जायला पाहिजे, बोलला तो होता. भाऊ म्हणाले, गेली ती आपल्या पायानं, येईल ती आपल्या पायानं. विहिरीपाशी येईपर्यंत हिरो-हिरोनी मागं पडले आणि भाऊंनी कुठल्याशा लग्नात, पंगतीत, सगळ्यांसमोर 'इच्या हातचं वरन म्हंजे पानी' असं म्हटलं होतं ते निघालं. घराच्या दारात बायजाबाई थांबली. सकाळी ती आलापल्लीला भावाकडे निघून गेली. तिचा भाऊ तिथल्या लाकूड कापायच्या आरागिरणीत कामाला आहे. जाताना ती रुखमाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेली, "दुसरा भाग येईन, तवा पाहू कोनाचं खरं."

झालं. भांडण नवरा-बायकोचं, आणि निकाल कुठल्यातरी कंपनीच्या हातात. याला मी अडाणीपणा म्हणतो. पण गावानं तो निकाल मान्य करायचं ठरवून टाकलं. हिरो तिला आणायला गेला, तर वारलूभाऊंनी आलापल्लीला जायचं. हिरोनी आपण होऊन आली, तर बायजाबाईनं यायचं. मधल्या वर्षात कोणी भाऊंना घरचं विचारलं की ते म्हणत, "मुद्दा कोर्टात हाय." आणि कोंडवाड्यातल्या जनावरांना पाणी दाखवायला जात. जनावरांशी ते फार अदबीनं बोलत. एका मारक्या सांडाला ते 'पाटील' म्हणत. "पाटील, जरा सरका, बाकीच्यायले बी पेऊ द्या." माणसांशी मात्र ते वकिलासारखे बोलत. जबाब, साक्षीदार, मुद्दा, तारीख. कधीतरी चांद्याच्या कचेरीत कोंडवाड्याच्या कुठल्या तंट्यात साक्ष द्यायला गेले होते, तिथून हे शब्द घेऊन आले आणि परत करायला विसरले.

आणि दुसरा भाग आला. पहिला खेळ झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मीही आलो.

माझ्या पत्रकात पहिल्या भागातली सगळी अश्लील दृश्यं क्रमानं दिली होती आणि दुसऱ्या भागात याहून निर्लज्ज प्रकार असणार, असा इशारा दिला होता. लोकांनी पत्रक मन लावून वाचलं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं. संध्याकाळी तंबूपुढे बैलगाड्या मावेनात. तंबूचा मालक मला शोधत आला, हात जोडले आणि विचारू लागला, अजून छापून मिळतील का. मी त्याला काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लोक माझ्याच अंगावर आले. एकानं पत्रकाच्या घड्या उलगडून माझ्यासमोर धरल्या आणि बोट ठेवलं. "भाऊ, ह्या कागदात हाय तसलं तिथी कायीच नाई. आमी ढोरं सोडून, चार कोस चालून आलो."

दुसरा भाग सगळ्यांना कडू लागला होता. पहिल्यात नदी होती, यात विहीरसुद्धा नाही. हिरोनी जाडी झाली. हिरो अर्धा वेळ रडतो आणि उरलेला अर्धा वेळ सासऱ्याला औषध पाजतो. एक म्हातारा म्हणाला, असंच पाहायचं असतं तर मी घरीच नसतो का बसलो. एटापल्लीकडून बाजाराला आलेला एक गोंड गडी तंबूत आयुष्यात पहिल्यांदाच शिरला होता. त्याला हिंदी येत नव्हती. तो फक्त एवढंच म्हणाला की पाऊस खोटा होता, इतका पडला आणि बेडूक एकही ओरडला नाही.

मी चक्रावलो. तंबूवर बंदी घाला, या माझ्या अर्जावर सही करायला माणसं रांगेनं तयार होती. फक्त कारण विचारलं की सांगत, पिक्चर पुरेसा वाईट नाही. अशा सह्या घेऊन मी करू काय? माझ्या बाजूला सगळं गाव होतं, आणि माझ्या बाजूला एकही माणूस नव्हता.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुठ्ठा होता, नको ते दृश्य आलं की मशीनसमोर धरायचा. आदल्या वर्षी मशीनवाल्याचा बिडी ओढता ओढता डोळा लागला होता आणि मालगुजाराच्या घरच्या बायांनी जे पाहू नये ते सगळं पाहिलं होतं. पाहून झाल्यावर त्या उठून गेल्या. या वर्षी मालगुजारानं दम दिला, तेव्हा मशीनवाला पुठ्ठा घेऊनच उभा राहिला. हिरोनीनं दिव्याकडे नुसतं पाहिलं की पुठ्ठा मशीनसमोर आडवा! पडदा काळा, आवाज चालू. लोक अंधारात बसून ऐकत.

नेमका निकालाचा प्रसंग या पुठ्ठ्याखाली गेला. पावसाची रात्र, एक बंद दार. एवढं दिसलं आणि अंधार. मग पावलं वाजली, कडी वाजली, बांगड्या वाजल्या, कोणीतरी हुंदका दिला. पुठ्ठा निघाला तेव्हा दोघं झोपाळ्यावर बसून एकाच पेल्यातून दूध पीत होती. घर त्याचं की तिच्या बापाचं? झोपाळा तर पहिल्या भागात दोन्ही घरांत होता. मला वाटतं, कंपनीकडे झोपाळा एकच असावा.

म्हणून वारलूभाऊ फाटकावर उभे राहत आणि जबाब घेत. "तो गेला का ते आली?" त्यांचे नियम कडक होते. चणे खात पिक्चर पाहणाऱ्याचा जबाब अर्धा. झोपलेल्याचा बाद. तिकीट न काढता तंबूबाहेर कान लावून बसलेल्यांचा मात्र पूर्ण, कारण अंधारात कानच खरे. रुखमाबाई म्हणाली, कडीआधी बांगड्या वाजल्या, म्हणजे बाई घरात होती, म्हणजे तो गेला. भाऊंचा चेहरा उजळला. त्यांनी तिला पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा रुखमाबाई गोंधळली आणि म्हणाली, कडीनंतर वाजल्या असतील, मले काय मालूम, मी तवा पान लावत होती. भाऊ खाली पाहत म्हणाले, "साक्षीदार फुटला."

ते इतके हिरमुसले का, ते मला कळेना. ती आली असं निघालं तर जिंकणार तेच होते. मी तसं म्हटलं, तर ते पाटलांना पाणी दाखवायला निघून गेले.

एकदा त्यांनी मलाही उभं केलं. मी पिक्चर पाहिला नव्हता. ज्याचा निषेध करतो ते पाहायला जाणं मला तेव्हा तत्त्वात बसत नव्हतं. त्यांना मी सिनेमा आणि समाज या विषयावर बरंच काही सांगितलं. स्त्रीला देखाव्याची वस्तू कोणी केलं, पुरुषाचा अहंकार म्हणजे काय, नवऱ्यानं चारचौघांत बायकोचा अपमान करणं हीच खरी अश्लीलता कशी. हे शेवटचं मी मुद्दाम ठासून म्हणालो. बांबूवर हनुवटी टेकून त्यांनी सगळं ऐकलं.

"हे तुमी छापलं का?"

मी म्हणालो, नाही.

"छापा," ते म्हणाले. "नदीतल्या आंघोळीपरीस हे छापा."

मग अगदी हळू आवाजात, "पन तुमाले काय वाटते, भाऊ, गेला असन का तो?"

तंबू उठला आणि आलापल्लीला गेला. मीही पत्रकं घेऊन मागोमाग गेलो. आलापल्ली म्हणजे जंगलखात्याचं ठाणं. साग तोडणारी, ओंडके ओढणारी, ट्रकवर चढवणारी माणसं. त्यांनी पहिल्याच दिवशी पुठ्ठा दिसताच असा आरडाओरडा केला की मशीनवाल्यानं तो खाली ठेवून दिला. इकडे मला मंडळाच्या चिटणिसांचं बोलणं ऐकावं लागलं होतं की न पाहता लिहिलेल्या पत्रकानं ही फजिती झाली. तेव्हा मी तिकीट काढलं, पुरुषांच्या बाजूला मागे बसलो आणि तो प्रसंग पुठ्ठ्याशिवाय पाहिला.

ती येते. पावसात भिजत, एकटी, स्वतःच्या पायांनी येते आणि दार वाजवते. तो कडी काढतो. दोघं कपाळाला कपाळ लावून उभी राहतात. तिच्या बांगड्या वाजतात, तो हुंदका देतो. बस. एवढंच.

शिट्ट्या मारायला तोंडात बोटं घातलेली माणसं तशीच बसून राहिली. बाहेर येताना सगळे मशीनवाल्याला शिव्या देत होते की पुठ्ठा होता तेच बरं होतं, निदान काहीतरी असेल असं तरी वाटलं असतं. मी डोकं धरून बसलो. हे अश्लील आहे का? मग मी पत्रकात काय लिहू? आणि अश्लील नसेल तर एवढा वेळ मी कशाविरुद्ध बोलत होतो? आजही मला नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाकडाच्या रिकाम्या ट्रकवरून वारलूभाऊ उतरले. भुवयांपर्यंत धूळ. डोक्याला स्वच्छ धुतलेलं पागोटं, ते मात्र पिशवीत घालून आणलं होतं आणि उतरल्यावर बांधलं. मला पाहताच कचरले. कोंडवाडा कोणावर सोपवला असं मी विचारलं.

"सोडून देल्ले सारे. जातीन आपापल्या घरी."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, वारलूभाऊ, तुम्ही जिंकलात, काल मी डोळ्यांनी पाहिलं, ती आली, आपल्या पायानं आली.

ते पागोट्याचं टोक खोचत म्हणाले, "मालूम हाय मले."

मशीनवाल्यानं त्यांना चामोर्शीत पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पुठ्ठा मशीनपुढे असतो, मशीनवाल्याला आतलं सगळं माहीत असतं. मग मी चिडलोच. सबंध गावाला फाटकावर उभं करून जबाब कशाला घेत होतात?

भाऊ आरागिरणीकडे पाहत राहिले. "कोनी एक तरी पक्कं म्हनन का तो गेला, असं पाहून राह्यलो होतो."

"पण का?"

"हरलो असतो त कवाच आलो असतो, भाऊ. जितलेल्या मानसानं कोन्या तोंडानं यावं?"

मी पत्रकांचा गठ्ठा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.

बायजाबाईच्या भावाचं घर गिरणीच्या मागं होतं. भुशाचा ढीग ओलांडून जावं लागे. भाऊंनी मला सोबत चला म्हटलं. कशासाठी ते रस्त्यातच सांगितलं, आणि मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. बायजाबाई अंगणात चिंच फोडत बसली होती. चिंचुके एका बाजूला, गर एका बाजूला. ठेंगणी, रुंद, कपाळावर मोठं कुंकू. तिनं मान वर केली नाही. आरा एवढ्या मोठ्यानं चालू होता की भाऊंना दोनदा खाकरावं लागलं.

"पिक्चर पाह्यला मी," ते म्हणाले. "तुहं खरं निंगालं. तो गेला." आणि माझ्याकडे हात करून, "या भाऊले विचार. शिकलेले हायत, खोटं बोलत नाईत."

बायजाबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं, ते माझ्याकडे. आमच्या पत्रकाच्या डोक्यावर मोठ्या टायपात 'सत्यमेव जयते' छापलेलं असतं. वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते पाहिलं असेल. मी तोंड उघडलं होतं, त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मला अजून माहीत नाही.

"काल मी बी होती पडद्यामांगं," ती म्हणाली. "इथी पुठ्ठा नाई धरला कोनी."

भाऊंची मान खाली गेली. धुळीनं माखलेल्या तोंडावर घामाचे ओघळ उतरले. ते पाय बदलत उभे राहिले. गिरणीतला आरा ओंडक्यातून बाहेर पडला आणि एकदम शांत झालं.

"हावो," बायजाबाई म्हणाली. "गेला तो." तिनं एक चिंच घेतली, फोडली, चिंचुका काढून बाजूला टाकला. "पन लय उशिरा गेला."

मग तिनं समोरची अर्धी रास हातानं त्यांच्या बाजूला सारली. वारलूभाऊ डोक्यावरचं पागोटं काढून खाली बसले आणि चिंच फोडू लागले.